भाच्याचे सात दिवस, तुमचे दहा

"डॉक्टर, मी ४३ वर्षांची आहे, नागपुरात शाळेत शिकवते. वरचा डावा सुळा फिरलेला आणि खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, म्हणून दिवाळीनंतर अलाइनर लावले, म्हणजे दात हळूहळू सरळ करणारे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे ट्रे. एकामागून एक घालायचे असे एकूण २६ ट्रे आहेत. पहिले चार चौदा-चौदा दिवस घालायला सांगितले, मग डॉक्टरांनी दहा दिवसांवर आणलं. माझा भाचा पुण्याला असतो, वीस वर्षांचा. तो दर सात दिवसांनी बदलतो. माझाही ट्रे पाचव्या दिवसापासून ढिला लागतो, काही कामच करत नाहीये असं वाटतं. मेच्या शेवटी दिराच्या मुलीचं लग्न आहे. सहा-सहा दिवसांनी बदलले तर तोवर सगळे ट्रे संपतात, असा हिशेब केला आणि आठवा ट्रे कुणाला न सांगता सहाव्या दिवशी बदलला. आता नववा घालून तीन दिवस झाले, पण त्या सुळ्याच्या टोकाशी नख जाईल एवढी फट राहते. वर्गात 'स' आणि 'श' नीट निघत नाहीत म्हणून शिकवताना ट्रे काढून ठेवते. तरी दिवसाचे पंधरा तास होत असतील. सहा दिवसांचं चालेल का? डॉक्टरांना हे सांगावं लागेल का? पुढच्या भेटीला अजून महिना आहे."
– एक शिक्षिका, प्रतापनगर

ताई, सहा दिवसांचं चालणार नाही. आणि हो, सांगावं लागेल. पण त्याआधी ती फट बघू, कारण बाकीच्या गोष्टींना आठवडाभर वेळ आहे, तिला नाही.

दहावा ट्रे हातात घेऊ नका. नववा नीट बसत नसताना दहावा चढवला तर फट आणखी वाढते आणि सुळा मागेच राहतो. आरशासमोर उभ्या राहा आणि ट्रे काढून त्या सुळ्यावरून बोट फिरवा. दाताच्याच रंगाचा एक छोटा उंचवटा तिथे असायला हवा. त्याला आम्ही अटॅचमेंट म्हणतो, पेशंट बटण म्हणतात. ट्रेला दात धरून फिरवता यावा म्हणून तो चिकटवलेला असतो. सुळा गोल आणि निमुळता, त्यामुळे बटणाशिवाय ट्रे त्याच्यावरून नुसता घसरतो. बटण पडलं असेल तर फटीचं कारण कदाचित तेच आहे, तुमची घाई नव्हे, आणि ते दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा लावून मिळतं. फुटाणे, सुपारी, उसाचं कांडं अशा गोष्टींनी ती पडतात. आपल्याकडे त्यात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, हाही येतो. तुम्ही खात नसालच, पण हे सदर वाचणाऱ्यांत खाणारे आहेत, आणि अलाइनर लावून गालात खर्रा धरणारे मी पाहिलेत. त्यांच्या बटणांचं जे व्हायचं ते होतंच. मला खरी काळजी त्यांच्या गालाची वाटते, पण तो विषय वेगळा.

बटण जागेवर असेल तर आज रात्रीपासून नववाच ट्रे बावीस तास घाला आणि च्युई वापरा. किटमध्ये रबरासारख्या मऊ नळकांड्या आल्या असतील, बहुतेक न उघडता पडल्या असतील. नळकांडं सुळ्याखाली धरून चावून दाबायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, असं पाचेक मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. ट्रे घातल्यावर लगेच केलं तर जास्त उपयोग होतो. दोन-तीन दिवसांत फट कमी व्हायला लागली तर ठीक. तसूभरही फरक पडला नाही, तर बहुतेक वेळा परत आठव्यावर जावं लागतं. तो निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचा, माझा नाही. मी तुमचा दात बघितलेला नाही. त्यामुळे महिनाभर थांबायचं नाही, उद्या सकाळी फोन करायचा. ट्रे घातलेल्या दातांचा उजेडात काढलेला फोटोही पाठवून द्या, बऱ्याच क्लिनिकमध्ये आता फोटोवरून पुढचं सांगतात. आठवा ट्रे फेकला नसेल अशी आशा करते. जुने ट्रे उपचार संपेपर्यंत जपून ठेवायचे असतात, निदान शेवटचे दोन-तीन तरी.

एक गोष्ट मात्र करू नका. ट्रे गरम पाण्यात बुडवून मऊ करून बसवायचा उपाय कुणीतरी सांगेल. त्याने ट्रेचा आकार जातो, आणि आकार गेलेला ट्रे दात कुठे नेईल ते कुणीच सांगू शकत नाही.

आता भाचा.

सात, दहा आणि चौदा हे आकडे कुठून आले ते थोडं सांगते, म्हणजे तुलना का लागू पडत नाही ते कळेल. दात सरकवायला तार-ब्रॅकेटऐवजी तोंडात घालायचा साचा वापरायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत केसलिंग नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरने, १९४५ मध्ये रबराचा तसा साचा मांडला होता. पण दाताच्या प्रत्येक छोट्या पावलासाठी वेगळा साचा हाताने करत बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. संगणकावर दातांचं चित्र हलवता यायला लागलं तेव्हा ते जमलं. अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि तिच्या इन्व्हिसलाइन नावाच्या अलाइनरला १९९८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्या काळापासून साधारण दोन आठवड्यांना एक ट्रे हा रिवाज पडला. २०१३ मध्ये त्याच कंपनीने जास्त लवचिक प्लास्टिक आणलं, आणि २०१६ मध्ये आठवड्याला एक ट्रे बदलता येईल असं जाहीर केलं. तेव्हापासून सात हा आकडा सगळीकडे फिरतोय.

पण तो एका कंपनीच्या एका प्लास्टिकसाठी होता, आणि तेव्हाही डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवायचं, असंच होतं. आज बाजारात देशी-परदेशी बऱ्याच कंपन्या आहेत. प्रत्येकीचं प्लास्टिक वेगळं, जाडी वेगळी, आणि मुख्य म्हणजे एका ट्रेत दात किती सरकवायचा याचं माप वेगळं. साधारणपणे एक ट्रे एका दाताला पाव मिलिमीटरपर्यंत सरकवतो. कुणी तेच अंतर छोट्या-छोट्या पावलांत तोडून चाळीस ट्रे करतं आणि सात दिवसांनी बदलायला सांगतं. कुणी वीसच ट्रे करतं आणि चौदा दिवस घालायला लावतं. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे २८० दिवसच येतात. नुसते दिवस ऐकून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरत नाही.

शिवाय तुमच्या भाच्याला नक्की काय करायचंय हे तुम्हाला ठाऊक नाही. खालच्या पुढच्या दातांची थोडी गर्दी असेल तर आठवड्याच्या ट्रेवर छान होतं. फिरलेला सुळा ही आमच्या कामातली हट्टी गोष्ट आहे. उपदाढ फिरवणं, दात हिरडीतून खाली ओढून आणणं, दाढ मागे ढकलणं, दात काढून झालेली जागा भरणं, ही सगळी त्याच माळेतली कामं. तिथे सावकाशच जावं लागतं. वयाचंही थोडं आहे. विशीतल्या हाडातल्या पेशी लवकर कामाला लागतात, चाळिशीनंतर सुरुवातीला वेळ घेतात. त्याचा अर्थ या वयात दात सरळ होत नाहीत असा नाही. हिरड्या निरोगी असतील तर साठीतही होतात. तुम्ही लिहिलं नाहीये, पण स्टाफरूममध्ये कुणीतरी "या वयात कशाला दात सरळ करून राहिल्या मॅडम?" म्हटलं असणारच. त्यांना हेच सांगा. नाहीतर काहीच सांगू नका.

भाच्याचे ट्रे घरपोच येत असतील आणि डॉक्टर प्रत्यक्ष बघत नसतील, तर त्याच्या आईशी एकदा बोला. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची अशी घरपोच अलाइनर देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये एकाएकी बंद झाली आणि अर्ध्यावर असलेल्या लोकांना पुढे कुणाकडे जायचं ते शोधत बसावं लागलं. कंपनी कुठलीही असो, हिरडी बघायला आणि दात हलवून पाहायला माणूसच लागतो. तो ऑर्थोडॉन्टिस्ट असावा, म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. पाचव्या दिवशी ट्रे ढिला लागतो, म्हणजे त्याचं काम संपलं, असं तुम्ही धरलंत. बहुतेक सगळेच धरतात, आणि ते स्वाभाविक आहे. पहिल्या दिवशी दुखतं, आवळतं, घास चावताना जाणवतं. चार दिवसांनी काहीच नाही. मग हा उगाच कशाला घालून बसायचं?

दात हाडात सिमेंटसारखा घट्ट बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये तंतूंचा एक पडदा असतो. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तुमचा एक ट्रे दात सरकवतो तेवढीच. नवा ट्रे घातला की दात आधी या पडद्यातल्या जागेत सरकतो. हे लवकर होतं. त्याच वेळी प्लास्टिकही थोडं सैल पडतं, त्याचा जोर पहिल्या काही दिवसांतच बराच उतरतो. दोन्ही मिळून तुम्हाला ट्रे ढिला लागतो. खरं काम तेव्हा कुठे रंगात आलेलं असतं. ज्या बाजूला दाब आहे तिथलं हाड खाणाऱ्या पेशी जमायलाच दोन-तीन दिवस घेतात, आणि मग हाड झिजवत जातात. ज्या बाजूला ताण आहे तिथे नवं हाड भरायला तर त्याहून जास्त वेळ लागतो. या सगळ्याची तुम्हाला काहीच जाणीव होत नाही. स्लॅब टाकल्यावर तिसऱ्या दिवशी वरून हात लावला तर कडकच लागतो. म्हणून कुणी सेंटरिंग काढत नाही.

आणि घाई केली तर काय होतं? पडदा अजून दाबलेलाच आहे, हाड सरलेलं नाही, अशात पुढचा ट्रे नवा जोर लावतो. जोर जास्त झाला की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, तेवढा भाग निर्जीव होतो, आणि तिथे पेशीच पोचत नाहीत. मग शरीराला तो भाग मागच्या बाजूने, हाडाच्या आतून पोखरत यावं लागतं. त्याला दोन-तीन आठवडेही लागतात, आणि तोवर दात जागचा हलत नाही. ट्रे मात्र पुढे गेलेला असतो. तुमच्या सुळ्याशी दिसणारी फट हीच असू शकते. जोर जास्त आणि बराच काळ राहिला तर मुळाचं टोकही झिजतं. थोडी झीज बऱ्याच जणांना होते, तिचं काही वाटून घ्यायचं नसतं, पण मूळ एकदा आखूड झालं की पुन्हा वाढत नाही. यासाठीच मी कुणालाही स्वतःच्या मनाने दिवस कमी करू देत नाही. माझी पुतणी असली तरी.

दिवसांपेक्षा तासांचा हिशेब करू या, तुम्ही शिक्षिका आहात, आवडेल. तुमच्या डॉक्टरांनी दहा दिवस सांगितले ते रोजचे बावीस तास धरून, म्हणजे एका ट्रेचे २२० तास. तुम्ही आठवा घातला सहा दिवस, रोज पंधरा तास: ९० तास. तुमचा भाचा सात दिवसांत बदलतो, पण बावीस तास घालत असेल तर त्याचे १५४ होतात. त्याच्याशी बरोबरी करायला गेलात आणि त्याच्याही मागे राहिलात. बरं, यावर कुणी म्हणेल की मग पंधरा तास घालते आणि पंधरा दिवसांनी बदलते, बेरीज तीच. ती बेरीज तोंडात चालत नाही. ट्रे काढला की दात परत जुन्या जागेकडे सरकायला लागतो. सलग सहा-सात तास ट्रे बाहेर राहिला तर रात्रभराच्या कामातलं बरंचसं पुसलं जातं, आणि हाडाला रोज एकदा पुढे आणि एकदा मागे असं ढकललं जातं. दात हलायला लागणं, सतत ठणकणं हे अशांच्यात जास्त दिसतं. म्हणून माझ्या मते तुमचा मूळ प्रश्न शाळेतल्या तासांचा आहे. ते सुधारले तर दहा दिवस पुरतील. ते तसेच राहिले तर चौदाही पुरणार नाहीत.

बोलण्याचं आधी. जीभ 'स' आणि 'श' म्हणताना वरच्या दातांच्या मागे हवा सोडते, आणि तिथे आता प्लास्टिकची भिंत आली आहे. जिभेला नवी जागा शोधायला काही दिवस लागतात, पण ट्रे तोंडात असला तरच. वर्गाआधी काढायची सवय ठेवली तर ती कधीच शिकणार नाही. या शनिवार-रविवारी ट्रे घालून घरी मोठ्याने वाचा, वर्तमानपत्र, मुलांचं पाठ्यपुस्तक, काहीही. सोमवारी पहिल्या तासाला थोडं अडखळेल. मुलं हसली तर हसू द्या, सांगून टाका की दातांवर ट्रे आहे. निम्म्या वर्गाला पुढे कधीतरी तेच करायचं असतं.

मग चहा. शाळेत दोन, घरी सकाळी एक, संध्याकाळी एक, कुणी आलं तर आणखी एक. ट्रे घालून चहा प्यायचा नाही. गरम चहाने प्लास्टिक वाकतं, डाग पडतात, आणि साखर ट्रे आणि दाताच्या मध्ये अडकून राहते, तिथे लाळ पोचत नाही, म्हणून कीड लागते. दर चहाला ट्रे काढायचा, चूळ भरायची, परत घालायचा, असं करायला जाल तर गप्पांत प्रत्येक वेळी अर्धा तास जातो. माझा सल्ला असा की चहा जेवणाला किंवा नाश्त्याला जोडून घ्या. सकाळचे पोहे आणि चहा, मधल्या सुट्टीत डबा आणि चहा, रात्रीचं जेवण. संध्याकाळचा एक सोडता आला तर उत्तमच, नाही सोडता आला तर पटकन. मधल्या वेळात नुसतं साधं पाणी, ते ट्रे घालून चालतं. तर्रीपोहे किंवा सावजी खाल्लं की चूळ व्यवस्थित भरा, नाहीतर हळदीने दोन दिवसांत ट्रे पिवळा. ट्रेचा पिवळेपणा दहा दिवसांत निघून जाईल, ट्रेबरोबरच, पण बटणांवर बसलेला रंग शेवटपर्यंत राहतो.

ट्रे काढला की तो डबीतच गेला पाहिजे. रुमालात किंवा टिश्यूत गुंडाळलेला ट्रे डब्याच्या उरलेल्या पोळीबरोबर कचऱ्यात जातो. दर वर्षी लग्नसराईत माझ्याकडे याच एका कारणासाठी फोन येतात. आणि आता उन्हाळा येतोय. नागपुरात मेमध्ये पारा ४५च्या आसपास जातो, बंद गाडीत किंवा उन्हात उभ्या स्कूटीच्या डिक्कीत त्याहून पुष्कळ जास्त. तिथे ट्रे ठेवू नका. धुवायला साधं किंवा कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे, टूथपेस्टने चरे पडतात.

नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना सुरू करा. जेवण झालेलं असतं, बोलायचं नसतं, पहिले सात-आठ तास सलग मिळतात, आणि सगळ्यात आवळणारा वेळ झोपेत जातो. सकाळी दहाला नवा ट्रे घालून पहिल्या तासाला उभं राहणं म्हणजे स्वतःवर सूड घेणं आहे. फार दुखलं तर कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. आम्ही बहुधा पॅरासिटामॉल सुचवतो, कारण आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ज्या रसायनांना अडवतात त्यांचाच दात सरकण्यात हात असतो. गुडघ्यासाठी वगैरे अशी गोळी रोज चालू असेल, हाडं ठिसूळ होण्यावरचं औषध चालू असेल, मधुमेह असेल, तर हेही सांगा. या वयात यातलं एखादं अनेकींना असतं आणि दातांच्या डॉक्टरला सांगायचं राहून जातं.

दिवस कधीच कमी करता येत नाहीत असं मी म्हणत नाहीये. तुमच्याच डॉक्टरांनी चौदाचे दहा केले, ते उगाच नाही. ट्रे सगळीकडे दाताला चिकटून बसतोय, दात फार हलत नाहीयेत, हिरडी ठीक आहे, असं त्यांना दिसलं असणार. सुळा एकदा फिरून झाला आणि शेवटचे ट्रे नुसते बारीकसारीक सुधारणांचे असले तर तेव्हा ते सातही करतील. विचारायला हरकत नाही, मागून तर बघा. दात लवकर सरकतात म्हणून कंप देणारी उपकरणं काही ठिकाणी विकतात. त्यांचा ठोस पुरावा नाही, मी पैसे घालवायला सांगणार नाही.

आणि लग्नाचा हिशेब. उरलेले १७ ट्रे सहा दिवसांनी म्हणजे १०२ दिवस, दहा दिवसांनी म्हणजे १७०. तुम्ही वाचवायला निघालात ६८ दिवस. पण सुळा मागे राहिला तर शेवटी पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे ट्रे बनून यायची वाट, मग ते घालायचे. आम्ही त्याला रिफाइनमेंट म्हणतो. थोडीफार ती बऱ्याच जणांना लागतेच, पण दहाबारा जास्तीचे ट्रे लागले की वाचवलेले ६८ दिवस तिथेच संपतात. मेपर्यंत १७ ट्रे होणार नाहीत हे धरून चाला. खालचे पुढचे दात मात्र तोवर बरेच ओळीत आलेले असतील. लग्नाच्या दिवशी जेवणाला आणि फोटोला दोन-तीन तास ट्रे काढलात तर काही बिघडत नाही. फक्त त्या आठवड्यात नवा ट्रे सुरू करू नका, चालू असलेलाच चार दिवस जास्त घाला.

डॉक्टरांना काय सांगायचं याची भीती वाटतेय ती समजते. रागावतील का? थोड्या रागावतील कदाचित, मीही रागावते, दोन मिनिटं. पण त्यांना न कळता त्या सुळ्याकडे बघून बसल्या तर त्यांना वाटेल आपला प्लॅनच चुकला. मग त्या बटणाचा आकार बदलतील, दातांच्या मध्ये घासून आणखी जागा करतील, नवं स्कॅन मागतील. जे फक्त तास भरून सुधारलं असतं त्यासाठी तुमचा दात घासला जाईल. म्हणून दोन्ही गोष्टी सांगा, आठवा सहा दिवसांत बदलला हे, आणि रोज पंधराच तास होतात हेही. दुसरी लोक लपवतात, आणि आम्हाला तीच जास्त हवी असते.

त्यांनी परत आठव्यावर नेलं किंवा पुन्हा चौदा दिवस केले तर वाद घालू नका. नवं स्कॅन करायचं ठरलं, तर नवे ट्रे येईपर्यंत नीट बसणारा शेवटचा ट्रे पूर्णवेळ घालत राहा, नाहीतर स्कॅन केलेले दात आणि ट्रे आल्यावरचे दात वेगळे निघतात. आणि रिफाइनमेंटचे पैसे आधीच्या पॅकेजमध्ये धरलेत की वेगळे द्यावे लागतील, हे त्याच भेटीत विचारून घ्या.